थांबा! थांबा!

“आज काय आणलंस? परवासारखं रडगाणं असलं तर आल्या पावली माघारी जा,” सुभेदारमामंजी सोप्यातूनच ओरडले. माझा पाय अजून त्यांच्या पायरीला लागायचा होता. डोळे गेले होते त्यांचे, पण कान असे तिखट की गल्लीच्या तोंडाशी माझी चप्पल वाजली की यांना इकडं कळायचं.

“रडगाणं नाही, लढाईचं आणलंय,” मी म्हटलं. “आता तरी हसा.”

“कुठली लढाई? पासष्टची का एकाहत्तरची?”

“आपली नव्हे, आफ्रिकेतली. एका पोराला बंदूकवाल्यांनी घरातनं उचलून नेलं आणि आपल्या टोळीत लढायला लावलं. मोठा झाल्यावर त्यानंच लिहिलंय सगळं, मराठीत भाषांतर झालंय. खरंखुरं आहे हो, मनानं रचलेलं नाही.”

“केवढं पोर?”

“दहा-अकराचं असेल तेव्हा.”

एरवी पुस्तक हातात घेऊन ते त्याचं वजन बघायचे, पानं फर्रकन सोडायचे आणि ‘जाड हाय, महिना जाईल’ असं काहीतरी म्हणायचे. त्या दिवशी मी पुस्तक पुढं केलं तरी त्यांनी हात उचलला नाही.

आत्याबाई, म्हणजे त्यांच्या मंडळी हौसाबाई, जोत्याला टेकून शेंगा फोडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “आफ्रिकेचं नगं बाई. तिकडनं आल्यापासनं हे झोपेत एस.टी.च्या मागं पळत्यात. ‘थांबा! थांबा!’ म्हणून अशी बोंब मारत्यात की शेजारपाजारची उठून बसावीत. आवो, सरकारी विमानानं समिंदरापार जाऊन आलासा आणि सपान पडायचं ते एस.टी. चुकल्याचं?”

मला हसू आवरेना. मामंजी मात्र हसले नाहीत.

“वाच,” एवढंच म्हणाले.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा मी या गावात नवीच होते म्हणा ना. साताऱ्याच्या बाजूची ही आमची गावं फौजेची. घरटी एक तरी माणूस पलटणीत, आणि पोराला मिसरूड फुटायच्या आधी त्याची छाती मोजायला सुरुवात. माझे मालक लग्नानंतर रजा संपवून जे गेले ते सीमेवर, आणि मी बी.ए. झालेली सून घरात बसून काय भिंती मोजू? माजी सैनिकांच्या हॉलात दोन कपाटं पुस्तकांची धूळ खात पडली होती. ती मी झाडून-पुसून काढली आणि वाचनालय म्हणून पाटी लावली. वाचायला कुणी काळं कुत्रं फिरकत नव्हतं. एकच गिऱ्हाईक पक्कं, सुभेदार सर्जेराव कणसे, माझे चुलतसासरे. आणि नेमकं त्यांनाच दिसत नव्हतं. काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले होते. मग दुपारची जेवणं उरकली की मीच त्यांच्या सोप्यात जाऊन वाचून दाखवायची. मला स्वतःला पुस्तक अर्धवट सोडवत नाही. हातात धरलं की शेवटचं पान येईतो जिवाला चैन नसते. मामंजींना तेच आवडायचं.

ते आफ्रिकेत जाऊन आलेत हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. शांतिसेनेत गेले होते, निळी टोपी घालून. भिंतीवर त्या टोपीतला फोटो होता, बाजूला पदक होतं. कारगिलच्या वेळच्या बढाया त्यांनी मला दहा वेळा ऐकवल्या असतील, पण आफ्रिकेचं कधी तोंडातनं अक्षर काढलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

पुस्तक लिहिणाऱ्याचं नाव मुसाफिरी.

“मुसाफिर?” आत्याबाई म्हणाल्या. “आपल्यातलंच वाटतंय की.”

“तिकडं असले लई शब्द सापडतात,” मामंजी म्हणाले. “औषधाला दवाच म्हणतात. किताबाला किताबू. पहिल्यांदा गेल्यावर वाटतं, अरे, ही भाषा तर आपल्याला येतीय. पण येत नसती.”

वाचायला सुरुवात केली आणि मला पहिल्याच दिवशी पस्तावल्यासारखं झालं. आईनं त्याला धान्याच्या कणगीमागं दडवलं होतं, आणि याला शिंक आली. एवढ्यावर त्याचं सगळं आयुष्य फिरलं. आत्याबाईंनी शेंगांची पाटी बाजूला सारली आणि ‘मला न्हाई ऐकवत’ म्हणून आत निघून गेल्या. मामंजी काठीवर हनुवटी ठेवून ऐकत होते. रडले नाहीत, चुकचुकले नाहीत. फक्त भलतेसलते प्रश्न विचारत होते.

“बंदूक कुठल्या बनावटीची होती, ते दिलंय?”

“नाही दिलं.”

“पायात बूट होते?”

“अनवाणी होता म्हणतो.”

“शिकवलं कसं त्यांना? ते कधी येतं?”

हा तिसरा प्रश्न रोजचा झाला. मी कुठलंही पान वाचत असो, मधेच काठी आपटून ते म्हणायचे, “ट्रेनिंगचं आलं का?” मुसाफिरीचा भाऊ तापानं गेला, त्या पानावर माझे डोळे भरून आलेले, आणि हे विचारतात ट्रेनिंगचं आलं का! शेवटी माझा तोल सुटला.

“मामंजी, तुम्हाला माणसाचं दुःख ऐकायचंय का परेडचा कार्यक्रम? एवढं आहे तर मी पुढची पानं चाळते आणि तेवढंच वाचते. मग तर झालं?”

“चाळायचं नाही,” ते एकदम करड्या आवाजात म्हणाले. मी चपापलेच. सुनेशी ते असं कधी बोलत नसत. मग जरा खाली येऊन म्हणाले, “घरी नेऊनबी आधी वाचायचं नाही. तू आधी वाचलंस की तुझ्या आवाजावरनं मला समजतं. मग तू नको ते गाळशील आणि गोड गोड तेवढं मला वाढशील. मला जसं हाय तसं पाहिजे.”

“पण कशासाठी?”

“हौसा कुठाय?”

“दळण घेऊन गिरणीत गेल्यात.”

“दार लोटून घे.”

मी दार लोटलं. भर दुपार होती, कौलांतल्या काचेतून उन्हाचा एक चौकोन त्यांच्या गुडघ्यावर पडला होता. त्यांनी दोनतीनदा घसा साफ केला.

“आमची पोस्ट डोंगराच्या नाकावर होती,” ते सांगू लागले. “खाली केळीच्या बागा. मधनं लाल मातीचा रस्ता. हवा म्हणशील तर महाबळेश्वरासारखी, सकाळचं हाताचं बोट दिसायचं नाही असलं धुकं. आठवडाभर वायरलेसवर एकच चाललेलं, हल्ला होणार, हल्ला होणार. पलीकडच्या पोस्टवर झालापण होता. आपला कोरेगावकडचा एक जवान गेला त्यात. त्याला पेटीत घालून मीच विमानात चढवला होता. तेव्हा झोप कुणाच्या डोळ्याला नव्हती. आणि एका सकाळी, उजाडता उजाडता, बागेतनं कोणतरी बाहेर आलं.”

“कोण?”

“दिसत कुठं होतं? धुक्यात नुसती सावली. चालत येत होतं, उभं. खांद्याला बंदूक. मागं आणखी किती जण हायेत कळेना. आम्हाला तिकडचे शब्द शिकवलेले होते. कार्डं छापून दिली होती खिशात ठेवायला. ‘उभा राहा’ला काय म्हणायचं, ‘हत्यार टाक’ला काय म्हणायचं. मी जवानांकडनं घोकून घेतले होते ते. पण त्या घडीला एक शब्द आठवेल तर शपथ. तोंडातनं आपलं मराठीच बाहेर पडलं. ‘थांबा! थांबा!’ किती जण हायेत दिसत नव्हतं ना, म्हणून थांबा.”

आता मला एस.टी.चा उलगडा झाला.

“मग? थांबला का तो?”

“तेच तर सांगतोय. थांबायचं सोडून ते धाडकन पोटावर पडलं आणि कोपरांवर सरपटत यायला लागलं. बंदूक दोन्ही हातांवर आडवी, मान खाली, बूड खाली. कसं, की चांगल्या तयार जवानानं सरपटावं तसं. मी परत ओरडलो. तर ते आणखी जोरात. आमच्याच दिशेनं. पोटावर सरपटत पोस्टवर येणारा माणूस म्हंजे हल्ला, हे आम्हाला रंगरूट असल्यापासनं शिकवलेलं. मी पुन्हा ओरडलो, पार गळा फाटेस्तोवर. ते थांबंना. थांबंचना, शालन.”

मामंजींनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“मी गोळी घातली,” ते म्हणाले.

बाहेर गल्लीतून कुणीतरी म्हशी हाकत नेत होतं.

“जवळ जाऊन बघितलं तर एवढंसं पोरगं. आपल्या शाळेत पाचवी-सहावीत असतात, तेवढं. बंदुकीत मॅगझिनच नव्हतं. रिकामी बंदूक घेऊन आलं होतं. नंतर आमच्या दुभाष्यानं सांगितलं, ही पोरं त्यांच्या तावडीतनं पळून अशी सकाळचीच येतात, शरण यायला. निळी टोपी दिसली की जीव वाचतो असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं.”

“अहो पण...” मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

“चौकशी झाली. माझं काही चुकलं नाही असंच निघालं. साहेबानं पाठीवर हात ठेवला. मीबी मनाला तेच सांगत आलो, पुन्हा पुन्हा ओरडून सांगितलं होतं मी त्याला, बहिरं नव्हतं ते, आणि भाषा नाही समजली तरी माणूस ओरडतंय म्हटल्यावर कुणीबी जागच्या जागी उभं राहील. जनावर उभं राहतं. मग हे का सरपटलं? शरण यायला निघालेलं पोर, चांगलं उभं चालत येत होतं, ते मी थांबा म्हटल्यावर का सरपटायला लागलं? एवढंच मला पाहिजे, दुसरं काही नको. हा मुसाफिरी त्यांच्यातलाच हाय. त्याला ठाऊक असणार. त्यानं लिहिलं असलं तर तेवढं माझ्या कानावर पडू दे.”

आत्याबाईंच्या बांगड्या अंगणात वाजल्या. मामंजींनी लगेच चेहरा पुसला आणि मोठ्यानं म्हणाले, “उद्या येताना तपकीर आण गं माझी.”

त्या दिवसापासून माझं वाचणं बदललं. रात्री पुस्तक उशाशी असायचं आणि मला पुढचं पान उलटायचा असा मोह व्हायचा की काय सांगू. पण शब्द दिला होता. एकेक पान मी असं वाचायची की जणू त्याच्या तळाशी मामंजींचा निकाल लिहिलाय. देवाला म्हणायची, काहीतरी निघू दे बाबा यातून, म्हाताऱ्याला जरा सुखाचा घास लागू दे.

आणि निघालं. देवानं ऐकलं असंच मला वाटलं तेव्हा.

दवेचं प्रकरण आलं. लढाईला न्यायच्या आधी या पोरांना ओळीत उभं करायचे. एक म्हातारा भगत त्यांच्यावर पाणी शिंपडायचा, म्हणायचा आता गोळी लागली तर तिचं पाणी होईल. मग कसलातरी कडू पाला चघळायला द्यायचा.

“‘याला ते दवा म्हणत,’” मी वाचत होते. “‘दवा चढली की कान भरून येत, पाण्याखाली गेल्यावर येतात तसे. आपल्या शेजारचा ओरडतोय हे दिसे, पण ऐकू येत नसे. कुणी हाक मारली तरी ती आपल्याला नाही, भलत्याच कुणाला मारली आहे असं वाटे.’”

“परत वाच,” मामंजी म्हणाले.

मी परत वाचलं.

“म्हंजे ऐकूच येत नाही.”

“नाही येत, मामंजी. लिहिलंच आहे तसं.”

“माझा आवाज गेलाच नाही त्याच्यापर्यंत.”

“कसा जाणार?”

“दवा दिली होती त्याला,” ते म्हणाले. “कुणाचा बाप ओरडला असता तरी ऐकलं नसतं त्यानं.” असं म्हणून त्यांनी जो श्वास सोडला, तो इतकी वर्षं आत कोंडून ठेवला होता की काय कोण जाणे. डोळ्यांतून पाणी आलं. मलाही आवरेना. मी पदरानं डोळे टिपले आणि त्यांचा हात धरून तशीच बसून राहिले.

त्यानंतरचे ते थोडे दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. मामंजी न्हाव्याला बोलावून दाढी करून बसले. आपणहून काठी टेकत मारुतीच्या पारावर गेले आणि तिथल्या म्हाताऱ्यांना कारगिलची तीच ती बढाई नव्यानं ऐकवून आले. आत्याबाईंना म्हणाले, पिठल्यात मिरची कमी पडली, हात आखडला काय? आत्याबाई खोटंखोटं रागावल्या, पण मला चुलीपाशी ओढून कानात म्हणाल्या, “काय जादू केलीस गं? चार रात्री झाल्या, वरडले न्हाईत. एस.टी. घावली वाटतं एकदाची.”

मी हसले. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. एका पुस्तकानं एवढं केलं, आणि ते पुस्तक मी आणलं होतं.

“आता पुढचं वाच,” मामंजी एके दिवशी म्हणाले. “आता मी निवांत ऐकतो. पोरगं त्यांच्या तावडीतनं सुटतं का बघू.”

सुटलं. मुसाफिरी पळाला, जंगलातून चालत चालत एका मिशनच्या वसतिगृहाला लागला. तिथं त्याला पाटी मिळाली, अंथरूण मिळालं, रोज गरम जेवण मिळायला लागलं. मामंजी मधूनमधून ‘शाबास’ म्हणत होते. ‘वाचलं बघ पोरगं’ म्हणत होते. आत्याबाई आत चहाचं आधण ठेवत होत्या. मी पान उलटलं.

“‘एका सकाळी,’” मी वाचू लागले, “‘अंगणात स्वयंपाकीणबाईनं आपल्या बाळाला चटईवर सोडलं होतं आणि थोडं लांब बसून ती टाळ्या वाजवत होती. तांबा, तांबा, असं ती त्याला लाडानं म्हणत होती.’ हे काय हो मामंजी, तांबा काय? बाळाला तांब्या म्हणते की काय ही बया!” मला माझंच हसू आलं. मी पुढं वाचत गेले.

“‘मी हातात जेवणाची ताटली घेऊन तिच्या मागून चाललो होतो. तो शब्द कानावर पडला मात्र, आणि मी ताटलीसकट पोटावर पडलो. सांडलेल्या भातातून कोपरांवर सरपटत मी सगळं अंगण ओलांडलं. समोर भिंत आली तेव्हा माझं डोकं तिच्यावर आपटलं. मुलं हसत होती. त्यांचा दोष नव्हता. आमच्या स्वाहिलीत तांबा म्हणजे रांग, सरपट. आया बाळांना शिकवतात तो शब्द. जंगलात आम्हालाही पहिला तोच शिकवला होता. कमांडर काठी घेऊन मागून ओरडायचा, तांबा, तांबा! उभा दिसेल त्याला मरेस्तोवर मार. आवाज जितका मोठा तितकं जोरात सरपटायचं, आवाजाच्या दिशेनं, आणि गोळीची परवानगी नसेल तर बंदूक दोन्ही हातांवर आडवी धरायची. दवेनं बाकी सगळं ऐकू यायचं बंद होई, हा एक शब्द सोडून. तो कानांना नव्हे, अंगालाच ऐकू यायचा...’”

“काय शब्द म्हणालीस?”

“तांबा.”

“मोठ्यानं म्हण.”

“तांबा.”

“तसं नाही. लांबच्या माणसाला धुक्यातनं हाक मारतात तसं ओरड. जीव खाऊन ओरड.”

मी ओरडायला म्हणून श्वास घेतला. तोंड उघडलं. आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तो शब्द माझ्या तोंडातून बाहेर येईना. मी पुस्तक मिटलं, नुसती त्यांच्याकडं बघत राहिले.

मामंजींचा चेहरा शांत होता. त्याचीच मला फार भीती वाटली. त्यांनी ओठ हलवून आवाज न करता एकदा एक म्हणून बघितलं, मग दुसरं म्हणून बघितलं. थांबा. तांबा.

“ऐकलं त्यानं,” ते म्हणाले.

“मामंजी, धुकं होतं. लांब होतं ते. कशावरनं...”

“ऐकलं. उभं येत होतं, मी सांगितलं सरपट, ते सरपटलं. मी म्हटलं आणखी जोरात सरपट, ते आणखी जोरात सरपटलं. त्याला वाटलं असणार, पोस्टवरचा माणूस आपल्या भाषेत सांगतोय तर तसंच यायचं असंल. तसं आलं तर मारत नसतील.”

“तुम्हाला कुठं ठाऊक होतं हो?”

“मला नव्हतं. त्यालाबी नव्हतं. आता मला झालं.” ते माझ्याकडं वळले. “त्याला कोण सांगणार, शालन?”

बी.ए.ला शिकवतात ते सगळं मी मनात धुंडाळलं. चूक कुणाची नाही, परिस्थितीची, असलं काहीबाही जिभेवर आलं आणि तिथंच वाळून गेलं. मी त्यांच्या पायांना हात लावला. पाय थंडगार होते.

“नुसतं थांब म्हटलं असतं,” ते म्हणाले, “एकट्याला म्हणतात तसं. कदाचित...”

“नका ना मामंजी.”

“सगळी हयात घातली मी पलटणीत. किती जवान माझ्या हाताखालनं गेले. पण माझा हुकूम कुणी एवढ्या झटक्यात मानला नाही बघ.”

आत्याबाई चहा घेऊन बाहेर आल्या. आज त्या खुशीत होत्या, आलं ठेचून घातलं होतं चहात. मामंजींच्या हातात कप देत म्हणाल्या, “कुणी हुकूम मानला म्हणं? कुणाचं चाललंय एवढं?”

मी तोंड फिरवलं.

“एका पोराचं सांगत होतो हिला,” मामंजी म्हणाले. “तिकडं आफ्रिकेत भेटलेलं.”

“आता गं बया. कधी बोलला न्हाईत ते. कसं होतं?”

“लई गुणी. सांगितलं की लगेच ऐकायचं.”

“नशीबवान म्हणायची त्याची आई,” आत्याबाई त्यांच्याजवळ टेकत म्हणाल्या. “न्हाईतर आपली. घसा कोरडा पडस्तोवर वरडलं तरी जागची हालत न्हाईत. काय नाव त्याचं?”

मामंजींनी कप दोन्ही हातांत धरला होता.

“नाव विचारायचं राहिलं,” ते म्हणाले.